बागेंतील मधमाशी आणि आपला कॅमेरा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या हौशी छायाचित्र-स्पर्धेच्या पारितोषिक-समारंभांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या समितीनें जेव्हां छायाचित्रांची स्पर्धा भरविण्याचें ठरविलें, तेव्हां विषय कोणता द्यावा याविषयीं बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, देवळाचा दर्शनी भाग द्या. कोणी म्हणाले, समुद्रावरील सूर्यास्त द्या. मीं ‘आपल्या बागेंतील मधमाशी’ हा विषय सुचविला, तेव्हां सभेंत थोडा हंशा पिकला. पन्नास वर्षांच्या महोत्सवाला माशीचा काय संबंध, असें एका सभासदानें मला सरळ विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या वेळीं दिलें नाहीं. तें आज देणार आहें. आणि त्याबरोबरच ज्या निकालाविषयीं गेले आठ दिवस आपणांपैकीं कांहीं जण कुजबुजत आहेत, त्याचाहि खुलासा करणार आहें.

प्रथम संबंधाविषयीं बोलूं. पास्काच्या रात्रीं काळोख्या देवळांत आपण नवी मेणबत्ती पेटवितों आणि तिच्यापुढें उभे राहून स्तुतिगीत गातों. त्या प्राचीन गीतांत मधमाशीच्या श्रमाचा उल्लेख आहे, हें आपणांपैकीं कितीजणांच्या ध्यानीं आलें आहे? विश्वाच्या तारणाचें गान चालू असतां ख्रिस्तसभेला मेण तयार करणाऱ्या एका कीटकाची आठवण राहते! इंग्रजी भाषांतरांतून हा उल्लेख मध्यंतरीं कांहीं वर्षें गळला होता. २०११ सालच्या नव्या भाषांतरांत तो परत आला. चौथ्या शतकांत मिलान शहराचे बिशप असलेले संत अंब्रोज हे मधपाळांचे आश्रयदाते मानले जातात. ते पाळण्यांत असतां मधमाशांचा थवा त्यांच्या मुखावर येऊन बसला व इजा न करतां निघून गेला, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ७ डिसेंबरला येतो.

आतां चित्रांविषयीं. इटलींतील बार्बेरिनी घराण्याच्या ढालीवर तीन मधमाशा होत्या. त्या घराण्यांतील एक पुरुष १६२३ सालीं आठवे उर्बन या नांवानें पोप झाले. पुढल्याच वर्षीं गॅलिलिओनें आपलें सूक्ष्मदर्शक यंत्र आपले विद्वान मित्र फेदेरिको चेझी यांजकडे पाठविलें; आणि १६२५ सालीं चेझी व फ्रांचेस्को स्टेलुटी यांनीं त्या जातीच्या यंत्रांतून पाहून तीन मधमाशांचें एक मोठें चित्र छापविलें व तें पोपमहाशयांस अर्पण केलें. सूक्ष्मदर्शकांतून पाहून काढलेल्या व छापलेल्या अगदीं पहिल्या चित्रांपैकीं तें एक होय. त्यांतील एक माशी वरून, एक खालून व एक बाजूनें दाखविली आहे. त्याच पोपांच्या कारकीर्दींत, १६३३ सालीं, गॅलिलिओवर खटला चालला, ही गोष्टहि मी लपवूं इच्छीत नाहीं. जें डोळ्यांस दिसतें तें नम्रपणें पाहण्याचा धडा सर्वांनाच, आम्हां धर्मगुरूंनाहि, पुनःपुन्हां शिकावा लागतो.

आणखी एक उदाहरण देतों. संयुक्त राष्ट्रांनीं २०१७ सालीं २० मे हा दिवस ‘जागतिक मधमाशी दिन’ म्हणून ठरविला. हा दिवस कां निवडला? अँतोन यान्शा या स्लोव्हेनियन शेतकरीपुत्राच्या स्मरणार्थ. हा तरुण प्रथम व्हिएन्ना येथें चित्रकला शिकावयास गेला आणि अखेर तेथेंच सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या आश्रयाखालीं मधमाशीपालनाचा शिक्षक झाला. त्याचा जन्म नेमका कोणत्या दिवशीं झाला हें ठाऊक नाहीं. परंतु १७३४ सालीं २० मे रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. म्हणजे सर्व जग आज जो दिवस पाळतें, तो एका खेड्यांतील धर्मगुरूनें बाप्तिस्म्याच्या वहींत लिहिलेल्या ओळीवरून आला आहे. आपल्या कचेरींतील जुन्या वह्या मी जेव्हां उघडतों, तेव्हां मला ही गोष्ट आठवते.

आतां आपण आपल्या वाडींत येऊं. ‘मधमाशी’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एकच प्राणी उभा राहतो. परंतु जगांत मधमाशीच्या कुळांतील वीस हजारांच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडे झाडाच्या उंच फांदीवर किंवा इमारतीच्या कमानीखालीं एकच मोठें पोळें उघड्यावर टांगणारी ती आग्या. झाडाच्या ढोलींत व भिंतीच्या पोकळींत अनेक पोळीं एकापुढें एक बांधणारी ती सातेरी. कुंपणाच्या झुडुपांत तळहाताएवढें पोळें करणारी ती फुलोरी. यांशिवाय डासाहून फारशी मोठी नसलेली व डंख न मारणारी एक चिमुकली माशी आहे. वाळलेल्या लाकडांत भोंक पाडून राहणारा काळा भुंगा आहे. आणि तुळशीच्या मंजिरीवर क्षणभर थरथरून निघून जाणारी, पोटावर निळसर पट्टे असलेली एक एकांतवासी माशी आहे. या शेवटच्या जातीचे नर संध्याकाळीं एखाद्या काडीला जबड्यानें घट्ट धरून तसेच झोपीं जातात. ज्यास मोठा कॅमेरा नाहीं व धीर आहे, त्यानें हें दृश्य अवश्य टिपावें.

या जीवांचें आपल्यावर काय ऋण आहे, हें बागाईतदारांस मीं सांगावयास नको. केळीस फळ धरण्याकरितां मधमाशीची गरज लागत नाहीं, हें खरें. परंतु भोपळा, काकडी, कारलें यांच्या वेलावर नर व मादी फुलें वेगळीं असतात, आणि एकाचा पराग दुसऱ्याकडे कोणी नेला नाहीं तर इवलेंसें फळ पिवळें पडून गळून जातें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रांत शेतींतील विषारी औषधांमुळें पक्षी व कीटक नाहींसे होत असल्याचा उल्लेख केला आहे. फुलें उमललेलीं असतां भर सकाळीं फवारणी करणाऱ्यानें आपल्याच कोठारावर फवारणी केली, असें समजावें.

छायाचित्र कसें काढावें याविषयीं पुष्कळ मुलांनीं मला विचारलें. मी शिकलेला छायाचित्रकार नाहीं. गेलीं वीसएक वर्षें सकाळच्या मिस्सेनंतर अर्धा तास बागेंत कॅमेरा घेऊन उभा राहणारा एक हौशी माणूस आहें. तरी अनुभवाचे चार शब्द सांगतों. पहिला नियम हा कीं, माशीच्या मागें धांवूं नये. ज्या फुलावर ती एकदां आली, त्याच ताटव्यांत ती किंवा तिची बहीण पुन्हां येणार. म्हणून फूल निवडावें, त्यावर भिंग रोखून ठेवावें आणि वाट पाहावी. दुसरा नियम असा कीं, खालीं वांकावें. उभ्यानें वरून काढलेल्या चित्रांत माशीची पाठ तेवढी दिसते. गुडघे टेकून तिच्या पातळीवर आल्यावांचून तिचा चेहरा दिसत नाहीं. तिसरा नियम, डोळा स्पष्ट आला पाहिजे. इतक्या जवळून पाहतांना भिंगाची स्पष्टता तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरांतच राहते. शेंपूट धूसर आली तरी चालेल, डोळा धूसर आला तर चित्र मेलें. चौथा नियम पंखांविषयीं. मधमाशीचे पंख सेकंदास दोनशेंहून अधिक वेळां हालतात. सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र घेतलें तरी ते किंचित् पुसट येतात, आणि तें मुळींच दोषास्पद नाहीं; ती जिवंत असल्याची ती खूण आहे.

वेळ सकाळची उत्तम. गारव्यांत माशीला उडण्यापूर्वीं आपले उड्डाणाचे स्नायू थरथरवून अंग तापवावें लागतें. म्हणून त्या वेळीं ती थोडी संथ असते, आणि ऊनहि कोवळें असतें. मात्र पोळ्याजवळ कोणीहि जाऊं नये. आग्याच्या पोळ्याकडे तर दुरूनहि फ्लॅश मारूं नये. डंख झालाच तर कांटा ताबडतोब नखानें खरवडून काढावा. आणि अंगावर गांधी उठूं लागल्या किंवा श्वास कोंडूं लागला तर घरगुती उपचार करीत न बसतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

आतां स्पर्धेकडे वळतों. एकंदर एकेचाळीस चित्रें आलीं. परीक्षक आम्ही तिघे होतों: शाळेंतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई, लग्नसमारंभांचीं छायाचित्रें काढणारे एक अनुभवी गृहस्थ, आणि मी. चित्रांच्या मागें केवळ क्रमांक होते. नांवें बंद पाकिटांत होतीं. प्रथम आम्ही तिघांनीं चित्रें निरनिराळीं पाहिलीं, मग एकत्र बसलों. आम्ही स्वतःस चार प्रश्न विचारले: यांतील जीव खरोखर मधमाशी आहे काय? चित्र स्पष्ट व नीट उजेडांत आहे काय? ती तेथें काय करीत आहे हें दिसतें काय? आणि हें चित्र पाहिल्यावर आपणांस पूर्वीं ठाऊक नव्हतें असें कांहीं कळलें काय?

पहिल्याच प्रश्नावर सात चित्रें बाद झालीं, कारण तीं मधमाशीचा वेष घेतलेल्या साध्या माशांचीं होतीं. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तो वेष पक्ष्यांस फसविण्यासाठींच असतो, मग माणसें फसलीं तर नवल काय! पुढील वेळीं एवढें पाहा: मधमाशीस पंख चार असतात, त्या माशीस दोनच. मधमाशीच्या मिशा लांब व कोपरासारख्या वांकलेल्या असतात, तिच्या आंखूड. शिवाय एक चित्र कॅमेऱ्यानें काढलेलें नसून संगणकाकडून रचून घेतलेलें होतें. तें अतिशय देखणें होतें. परंतु त्यांतील माशीस पाय आठ होते. देवानें तिला सहा दिले आहेत.

उरलेल्या चित्रांत एक चित्र सर्वांच्या पुढें होतें. लाल जास्वंदीच्या पाकळीवर बसलेली सातेरी. डोळ्यांवरील केंस न् केंस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मागील हिरवा रंग मखमलीसारखा. आम्हां तिघांनींहि त्यास पहिला क्रमांक दिला होता. मग शिक्षिकाबाईंनीं तें हातांत घेऊन पुष्कळ वेळ न्याहाळलें आणि म्हणाल्या, “फादर, हिचे पाय पाहा. हिनें पाकळी धरलेलीच नाहीं.” खरेंच, सहाहि पाय पोटाखालीं दुमडलेले होते. जिवंत माशी अशी बसत नाहीं.

पाकीट उघडलें. नांव आपल्याच एका मुलाचें होतें. तें मी येथें सांगणार नाहीं, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांनींहि सांगूं नये, अशी माझी विनंती आहे. मीं त्यास बोलाविलें. तो वडिलांबरोबर आला. विचारतांच त्यानें खरें तें सांगितलें. माशी स्थिर राहीना, म्हणून त्यानें ती बाटलींत धरून फ्रिजमध्यें ठेवली. असें केल्यानें ती थोडा वेळ गुंगते, हें त्यानें कोठेंतरी ऐकलें होतें. “पांच मिनिटांसाठीं ठेवली होती, फादर. आईनें बाजारांत पाठवलं आणि मी विसरलों. सकाळीं बघतों तर...” पुढें त्यास बोलवेना. मग ती मेलेली माशी त्यानें जास्वंदीवर ठेवली आणि चित्र काढलें.

येथें आम्हां परीक्षकांत मतभेद झाला. आमचे छायाचित्रकार बंधु म्हणाले, चित्र तें चित्र. तें कसें काढलें हें पाहणें आपलें काम नव्हे. शिवाय असें करूं नये हा नियम आपण पत्रकांत कोठें घातला होता? हा आक्षेप बिनतोड होता. पत्रक मीं स्वतः लिहिलें होतें. त्यांत आकार, मुदत, प्रवेशाचा अर्ज, सर्व कांहीं होतें, पण ज्या जीवाचें चित्र काढावयाचें त्याला इजा करूं नये, एवढें एक वाक्य नव्हतें. तो दोष माझा आहे, आणि तो मी आपणां सर्वांसमक्ष पत्करतों.

बंधुभगिनींनो, त्या मुलाकडे पाहतांना माझ्या मनांत काय चाललें होतें तें सांगितल्याशिवाय मला हा निकाल समजावून सांगतां येणार नाहीं.

पंचवीसएक वर्षांपूर्वीं मी नवा धर्मगुरु म्हणून दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. तेथील देवळाच्या घंटाघराच्या कमानीखालीं आग्याचें मोठें पोळें होतें. सण जवळ आला होता. रोषणाईचे लोक वर चढावयास भीत होते. आणि वडीलधारे धर्मगुरु परगांवीं गेलेले असल्यामुळें निर्णय माझ्यावर आला. मीं फारसा विचार केला नाहीं. मीं सांगितलें, “जाळून टाका.” रात्रीं चार धाडसी तरुण झावळ्यांच्या चुडी पेटवून वर गेले. अर्ध्या तासांत काम आटोपलें आणि मी समाधानानें झोपीं गेलों.

पहाटे मिस्सेसाठीं दार उघडलें, तों देवळाच्या पायऱ्या काळ्या दिसल्या. हजारों माशा मरून पडल्या होत्या. कांहीं मेल्या नव्हत्या. पंख जळालेल्या त्या दगडावरून सरपटत होत्या. देवळाचा म्हातारा सेवक त्या सुपांत भरीत होता. त्यानें मला दोष दिला नाहीं. मान वर न करतां तो एवढेंच म्हणाला, “फादर, पास्काच्या मेणबत्तीला मेण यांचंच ना?”

त्या वर्षींच्या पास्काच्या रात्रीं तें गीत गाण्याची पाळी माझी होती. मधमाशीच्या ओळीवर आलों आणि माझा आवाज बसला. लोकांना वाटलें, फादरांस पडसें झालें आहे. पुढें कांहीं वर्षांनीं मीं एक जुना कॅमेरा घेतला व सकाळीं बागेंत उभा राहूं लागलों. माझी हौस कशी सुरू झाली असें आपण मला नेहमीं विचारतां, आणि मी हंसून वेळ मारून नेतों. खरें उत्तर हें आहे. ज्यांना मीं एकदांहि नीट पाहिलें नव्हतें, त्यांना जाळा म्हणून मीं सांगितलें होतें. निदान आतां तरी त्यांना पाहावें, असें मला वाटलें.

तेव्हां त्या मुलाला मी कोणत्या तोंडानें रागावणार? मीं त्यास माझी ही गोष्ट सांगितली. मग त्यास विचारलें, “तुझ्या चित्राचें काय करावें, तूंच सांग.” तो बराच वेळ गप्प राहिला व म्हणाला, “परत द्या.” तीन दिवसांनीं तो दुसरें चित्र घेऊन आला. मुदत टळून गेली होती. म्हणून तें स्पर्धेंत धरलें नाहीं व त्यास बक्षीस नाहीं. परंतु सभागृहाच्या दाराशीं उजव्या हातास जें एक लहानसें, थोडें हाललेलें चित्र लाविलें आहे, तें पाहिल्याशिवाय कोणी घरीं जाऊं नये. त्यांतील माशी तुळशीवरून उडून चालली आहे.

पहिलें पारितोषिक आम्हीं ज्या चित्रास दिलें, तें एका भाजी पिकविणाऱ्या भगिनीनें साध्या मोबाइलवर काढलेलें आहे. भोपळ्याचें फूल, पहाटेचा उजेड, आणि फुलाच्या तळाशीं परागानें माखलेली, अर्धीच दिसणारी एक माशी. यापेक्षां अधिक स्पष्ट चित्रें होतीं, हें मला मान्य आहे. कांहीं जणांस हा निकाल पटलेला नाहीं, हेंहि मी जाणतों. आमच्यापैकीं एका परीक्षकासहि तो पूर्णपणें पटला नव्हता, परंतु बहुमत त्यांनीं मान्य केलें. त्या भगिनीस आम्हीं विचारलें, हें तुम्हांस कसें साधलें? ती म्हणाली, “वेलाची फुलं गळतात म्हणून बघायला रोज पहाटे जात होतें. चार दिवस कोणीच आलं नाहीं. पांचव्या दिवशीं ही आली.” तिला माशीची गरज होती, म्हणून तिनें वाट पाहिली, आणि वाट पाहिली म्हणून ती दिसली. आमच्या चवथ्या प्रश्नाचें उत्तर याच चित्रांत होतें.

शेवटीं एक निवेदन आहे. आपल्या देवळाच्या मनोऱ्याखालीं पूर्वेस सध्यां आग्याचें पोळें आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. महोत्सवाच्या रोषणाईसाठीं तें काढावें अशी सूचना समितीपुढें आली होती. ही जात रात्रीं दिव्यांकडे ओढली जाते. तेव्हां पोळ्याजवळ दिवे लावणें धोक्याचें, ही सूचनाकारांची भीति अगदीं रास्त होती. त्यावर समितीनें असें ठरविलें आहे कीं, पूर्वेच्या बाजूस यंदा दिवे लावूं नयेत, तिकडील फाटक महोत्सव संपेपर्यंत बंद ठेवावें, आणि फटाके मुळींच उडवूं नयेत. या माशा ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर करतात. त्या आपण होऊन जातील, आणि पुष्कळदां होतें त्याप्रमाणें कदाचित् पुन्हां त्याच जागीं परत येतील. आपला मनोरा यंदा एका बाजूनें काळोखा दिसेल. पाहुण्यांनीं कारण विचारलें तर त्यांना तें सांगावें. संकोच करूं नये.

समितीच्या ज्या सभासदानें महोत्सवाचा व माशीचा संबंध विचारला होता, त्यांनींच पूर्वेकडील दिव्यांच्या माळा स्वहस्तें उतरविल्या, हें मी आनंदानें नमूद करतों.  ज्या परमेश्वरानें लहानांत लहान जीवास श्रमाचें व गोडीचें दान दिलें, तो आपल्या धर्मग्रामाच्या पुढील वर्षांवर आपला आशीर्वाद ठेवो, आणि आपले डोळे उघडे ठेवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.